छोट्या स्टेशनांचे फलाट उंच कधी होणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई–सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली, तेव्हा सोलापूरकर म्हणून मलाही अभिमान वाटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमृत भारत योजनेत देशातल्या ५०८ स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली, त्यांत महाराष्ट्रातली ४४ होती. मोठी स्थानके सुधारायलाच हवीत. पण सोलापुरात कामाला, कॉलेजला, सिव्हिलला येणारी कितीतरी माणसे गाडीत चढतात ती आसपासच्या छोट्या स्टेशनांवर. तिथल्या फलाटांविषयी कोणी बोलताना दिसत नाही.

रेल्वेच्या मापाप्रमाणे उंच फलाट रुळापासून ७६ ते ८४ सेंटिमीटर असतो. मी ज्या स्टेशनावरून ये-जा करतो तिथे तो जवळजवळ रुळांच्याच पातळीला आहे. पॅसेंजर थांबते जेमतेम मिनिटभर. लक्ष्मी मंडईला निघालेली बाई आधी भाजीची पाटी दारातून आत सरकवते, मग दांडी धरून पायरीवर गुडघा टेकवते आणि आतले कोणीतरी तिला दंडाला धरून वर ओढते. उतरताना म्हातारी माणसे पाठमोरी होऊन पायाने जमीन चाचपत राहतात. तेवढ्यात गाडी सुटली तर काय होईल, या विचाराने रोज जीव टांगणीला लागतो.

त्यात एक्स्प्रेसला वाट द्यायला पॅसेंजर लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतली, की सगळ्यांची पळापळ. पादचारी पूल नाही, म्हणजे रूळ ओलांडूनच जायचे. आणि विनापरवाना रूळ ओलांडणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. मग गुडघे धरलेल्या आजीने पलीकडे जायचे तरी कसे?

कोविडकाळात पॅसेंजरचे किमान भाडे ३० रुपये झाले होते, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा १० रुपयांवर आले. गरिबाला त्याचा मोठा आधार झाला. पण स्वस्त तिकीट काढूनही गाडीत चढता येत नसेल, तर त्या तिकिटाचा उपयोग काय?

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा शेड आणि पिण्याचे पाणी हवेच. तरी माझी पहिली मागणी फलाटाचीच आहे. विभागातल्या कोणत्या छोट्या स्टेशनांचे फलाट उंच करणार, पूल कुठे बांधणार आणि कधीपर्यंत, ही यादी रेल्वेने तारखांसह जाहीर करावी आणि प्रत्येक स्टेशनावर मराठीत लावावी.

आपला,
एक पासधारक प्रवासी, सोलापूर