प्रश्नावलीतला चौथा प्रश्न

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गावपाहणीची प्रश्नावली वाचली. कर्जाचा आणि स्थलांतराचा भाग चांगला उतरलाय, तिथे हात लावू नकोस. घोळ आहे तो चौथ्या प्रश्नात. 'जात: खुला / ओबीसी / एससी / एसटी / इतर', पाच चौकोन आणि एक खूण. माणसाची ओळख एकच असते, ती कायमची ठरलेली असते आणि ती सरकारी गटाच्या नावाने सांगता येते, असं तू मुलाखतीआधीच धरून चालली आहेस. पुढे विश्लेषणात जे 'सापडेल', त्यातलं बरंचसं तूच आधी ठेवलेलं असेल.

हा जुनाच आजार आहे. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांच्या मते जात म्हणजे मुळात वंश. त्यामुळे त्यांच्या अभ्यासाचं हत्यार होतं नाक मोजायचं कॅलिपर. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. ७०च्या खाली आलं तर नाक अरुंद, ८५च्या वर गेलं तर बसकं. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा नियमच त्यांनी मांडला. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली उपलब्ध मोजमापं पुन्हा तपासली. उत्तर हिंदुस्थानाबाहेर, आपल्या महाराष्ट्रातसुद्धा, तो नियम टिकत नाही असं त्यांनी दाखवलं. पण तोवर १९०१च्या जनगणनेने जातींची उतरंड लावून झाली होती आणि आम्हाला वरच्या पायरीवर घ्या म्हणून जातीसभांचे अर्जही सुरू झाले होते. म्हणजे मोजणीने समाज नुसता टिपला नाही, हलवलासुद्धा.

याच्या उलट बाबासाहेबांचा १९१६चा कोलंबियातला निबंध बघ. जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या नियमावर, हा त्यांचा मुद्दा. हे मानलं की कॅलिपर निरुपयोगी होतं आणि सोयरिकींची नोंद लागते. माणूस म्हणजे काय हे आधी ठरतं, मग हत्यार ठरतं.

आता तू म्हणशील, चौकोन काढून मोकळी ओळ ठेवते. थांब. २०११च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेत तेच झालं. जातींची कोड-यादी, म्हणजे ठरलेली नावं आणि प्रत्येकाचा आकडा, नव्हती. लोकांनी जात, पोटजात, कुळ, आडनाव जे सांगितलं ते प्रगणकांनी कानाला लागलं तसं लिहिलं. १९३१च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या, इथे देशभरात ४६ लाखांहून जास्त नावं निघाली. केंद्राने २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितल्याप्रमाणे एकट्या महाराष्ट्रात अशी ४,२८,६७७ नावं निघाली, आणि राज्याच्या अधिकृत याद्यांत जाती होत्या ४९४. त्या आकड्यांचं पुढे काही करता आलं नाही. २०२७च्या जनगणनेत जात पुन्हा मोजायची आहे, तेव्हा सगळी मदार कोड-यादीवर असणार.

तुझा नमुना छोटा आहे, घरं मोजकीच आहेत, म्हणून तुला ठरलेले चौकोन आणि मोकळी ओळ या दोन्हीचा मेळ घालता येईल. चौथ्या प्रश्नाचे तीन तुकडे कर. पहिला, 'तुम्ही कोणापैकी?' उत्तर त्याच्याच शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता. दुसरा, जातीचा दाखला आहे का, त्यावर काय लिहिलंय, आणि तू तो डोळ्यांनी पाहिलास की नुसता ऐकलास. तिसरा, घरातल्या शेवटच्या दोन लग्नांच्या सोयरिकी कुठल्या. मराठवाड्यात जाणार आहेस ना? तिथे एकाच घरात दाखल्यावर 'कुणबी', लग्नाच्या बायोडाटात '९६ कुळी' आणि पारावर नुसतं 'पाटील' सापडेल. यातलं खोटं काहीच नाही. हैदराबाद गॅझेटमधल्या निजामकाळातल्या नोंदींच्या आधारे मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या सप्टेंबर २०२५च्या शासन निर्णयानंतर तर हातात कागद घेऊन आलेल्या माणसाला कोणतं उत्तर द्यायचं, याचा लोक विचार करणारच. कोड संध्याकाळी मुक्कामावर टाक, दारात नको, आणि मूळ उत्तराचा रकाना कधीही पुसू नकोस. आडनावावरून जात तर अजिबात भरू नकोस: पवार, जाधव, गायकवाड किती जातींत आहेत हे तुला माहीत आहे.

हा प्रश्न पुढून काढून शेवटाकडे ने. सुरुवातीलाच विचारलास तर पुढची कर्जाची आणि योजनांची उत्तरंही त्याच चष्म्यातून येतात. तुझं आडनाव ऐकूनही उत्तर बदलतं, तेव्हा प्रत्येक भरलेल्या प्रश्नावलीवर मुलाखत कोणी घेतली, कुठे बसून घेतली आणि जवळ कोण होतं हे टिप.

अकराव्या प्रश्नाची गतही तीच. 'व्यवसाय' कुटुंबप्रमुखाला विचारलास की बायकोबद्दल उत्तर येतं, 'काही नाही, घरीच असते.' आणि ती मागे म्हशीची धार काढत असते. राष्ट्रीय नमुना पाहणीत अशा उत्तरावर बाईला ९२ किंवा ९३ हा कोड पडतो: ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९३ म्हणजे घरकामासोबत सरपण, चारा, भाजी गोळा करणं. दोन्ही कोड श्रमशक्तीच्या बाहेर, म्हणजे ती काम करणाऱ्यांत मोजलीच जात नाही. जनगणनेतही शेतावरच्या बिनमजुरीच्या कामाचा स्पष्ट उल्लेख प्रश्नात आला तो १९९१ साली. तू कामाची नावं घेऊन विचार: निंदणी, कापूस वेचणी, धार, शेणगोठा, चारा. गेल्या सात दिवसांत कोणतं आणि किती तास. आणि तिलाच विचार, नवऱ्याला नाही.

लिंगाच्या प्रश्नात तिसरा पर्याय आहेच, फक्त तो तू बघून भरू नकोस, विचारून भर.

छापण्याआधी तीस घरांत चाचणी घे. 'इतर' किंवा कोरी उत्तरं दहातल्या एकापेक्षा जास्त आली, तर दोष लोकांत नाही, प्रश्नात आहे. दुरुस्त मसुदा पाठव. कोड-यादी मागासवर्ग आयोगाच्या यादीशी मी ताडून देईन.

तुझी,
आई