दोन वाजताचं विमान

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे. तुमचे राज्यमंत्री पुण्याचे आहेत, ते वाचून दाखवतील.

मी कुर्ला पश्चिमेला, जरीमरीच्या बाजूला राहतो. उतरणारं विमान आमच्या गच्चीवरून इतकं खालून जातं की चाकं मोजता येतात. फोनवर बोलताना "थांब, विमान जाऊ दे" म्हणायची आमच्याकडे रीतच पडली आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते, आणि तिच्यावर तासाला 40 हून जास्त विमानं चढतात-उतरतात. उतरणारी निम्मी धरली तरी आमच्या वाट्याला दर तीन मिनिटांनी एक.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, डागडुजीसाठी दोन्ही धावपट्ट्या सकाळी 11 ते संध्याकाळी 5 बंद असतात. तो आमचा सण. शेजारच्या काकूंच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, भंगारवाला नेमकं काय ओरडतो ते कळतं. आईला मात्र त्या दुपारी झोप लागत नाही. काहीतरी बंद पडलंय असं वाटतं, म्हणते.

विमानं नकोत असं नाही. आमच्या चाळीतली पोरं लोडिंगला जातात. एप्रिलमध्ये आखाताकडे जाणाऱ्या हापूसच्या पेट्या चढवून येतात तेव्हा जिन्यात वास दरवळतो.

तक्रार रात्रीची आहे. ठरावीक दिवस सोडले तर गणपतीचा स्पीकर दहाला बंद. रहिवासी भागाला रात्री 45 डेसिबलची मर्यादा. गजबजलेल्या विमानतळांना मात्र 2018 च्या अधिसूचनेने 65 दिली, आणि तीही सरासरी. रात्री दोनला दचकून उठवणारा एकटा गडगडाट त्या सरासरीत गडप होतो. निदान पालिका शाळेच्या भिंतीवर एक मीटर लावा आणि त्याचा आकडा मराठीत, रोज, दिसेल असा ठेवा.

दुसरं, 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून विमानं उडू लागली आहेत. परदेशी प्रवासी विमानांच्या वेळा त्या देशांतल्या सकाळशी बांधलेल्या असतात, समजतं. पण खासगी चार्टरला रात्री दोनला सांताक्रूझच कशाला हवं? बारा ते पाचमधली चार्टर आणि मालवाहू विमानं आधी तिकडे न्या.

नव्या विमानतळाशेजारच्या उलवेकरांनी मला शिव्या घालू नयेत म्हणून हेही लिहितो: मीटर तिथेही लावा, वस्ती दाटायच्या आत.

आपला,
कुर्ल्याचा एक रहिवासी