कचरापेटी रोज रात्री कोण रिकामी करत होतं? भावोजींना आभाराचं पत्र

प्रिय भावोजी,

सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे, त्यात काय" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहून ठेवते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघडं ठेवते आहे. फोनमधली डिलीट केलेली मेल आपोआप नाहीशी होते म्हणून हवालदिल झालेले माझ्यासारखे आणखी बरेच जण असतील. तुम्ही चार संध्याकाळी माझ्यासोबत जे केलंत, ते त्यांनाही उपयोगी पडावं अशी माझी इच्छा आहे.

नेमकं काय हरवलं होतं, ते आधी सांगते. दोन वर्षं आमची ताई आईशेजारी बसून तिच्या आठवणी ऐकायची आणि त्या तशाच आईच्या शब्दांत टाइप करून मला मेल करायची. मी वाचायची, ताईला उत्तर लिहायची आणि मेल डिलीट करायची. इनबॉक्स मोकळा ठेवायची मला सवय होती आणि डिलीट केलेलं ट्रॅशमध्ये, म्हणजे मेलच्या कचरापेटीत, असतंच, लागेल तेव्हा काढू, असं मी धरून चालले होते. आता आईला फारसं आठवत नाही. तिचंच बोलणं तिला वाचून दाखवावं म्हणून मी फोनवर ट्रॅश उघडला, तर तो रिकामा होता. मुद्दाम एक मेल डिलीट करून पाहिली. रात्री ती ट्रॅशमध्ये दिसली, सकाळी नव्हती.

ज्यांना ज्यांना सांगितलं त्या प्रत्येकाने आधी एकच विचारलं: जपायचं होतं तर डिलीट कशाला केलंस? तुम्ही ते विचारलं नाहीत. तुमचे पहिले तीन प्रश्न मला जसेच्या तसे आठवतात. "ताईच्या सेंट फोल्डरमध्ये पाहिलंत का?" "किती दिवस झाले?" आणि "हे खातं आणखी कुठे कुठे उघडं आहे?" ताईचं खातं तिच्या ऑफिसचं होतं, निवृत्तीनंतर ते बंद झालं, त्यामुळे तो रस्ता संपलेलाच होता. तिसऱ्या प्रश्नाला मी "फक्त फोनवर" असं उत्तर दिलं. ते चुकीचं होतं, पण तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

दुसरा प्रश्न तुम्ही का विचारलात, ते नंतर समजलं. डिलीट केलेल्या मेलला मुदत असते आणि ती जागोजागी वेगळी असते. जीमेलचा ट्रॅश ३० दिवसांनी मेल कायमची काढून टाकतो. आउटलुक डॉट कॉमवरही डिलीट केलेल्या मेलचा फोल्डर ३० दिवसांनी साफ होतो, पण तिथे त्याच फोल्डरच्या वरच्या बाजूला पुसलेली मेल परत मिळवायची सोय असते आणि तिचीही मुदत चालू असते. ऑफिसचं खातं गूगल वर्कस्पेसवर असेल, तर ट्रॅशमधूनही गेलेली मेल तिथला अ‍ॅडमिन पुढचे २५ दिवस परत आणू शकतो. ऑफिस मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजवर असेल तर ही मुदत साधारण १४ दिवसांची ठेवलेली असते आणि अ‍ॅडमिनला ती ३० पर्यंत वाढवता येते. म्हणजे सेटिंग शोधत बसण्याआधी दिवस मोजायचे आणि ज्याच्या हातात मेल परत आणणं आहे त्याला त्याच दिवशी फोन करायचा. माझं खातं यांतल्या कुठल्याच प्रकारातलं नव्हतं, एका लहान मेलसेवेचं साधं आयमॅप (एकच मेल सगळ्या यंत्रांवर दाखवणारी पद्धत) खातं होतं. तरीही तुम्ही मला त्यांना लगेच फोन करायला लावलात. त्यांच्याकडे सात दिवसांचा बॅकअप होता आणि त्यातून ताईची एक मेल परत आली. दोन दिवस उशीर झाला असता तर तीही गेली असती.

पहिल्या संध्याकाळी तुम्ही मला आयमॅप समजावून सांगितलंत. मी पंधरा वर्षं ईमेल वापरते, पण हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मेल फोनमध्ये राहत नाही, सर्व्हरवर, म्हणजे मेलसेवेच्या संगणकावर, राहते, आणि फोन, टॅबलेट, लॅपटॉप या सगळ्या त्याच एका खोलीच्या खिडक्या आहेत. एका खिडकीतून आत हात घालून कुणी काही उचललं, तर ते बाकीच्या खिडक्यांतूनही दिसेनासं होतं. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला हे आयमॅप तयार केलं आणि त्यात मेल पुसणं दोन पायऱ्यांत ठेवलं: आधी मेलवर "डिलीटेड" अशी खूण करायची, मग "एक्सपंज" असा वेगळा हुकूम द्यायचा. हा दुसरा हुकूम दिला की मेल खरोखर जाते. "तुमच्या खात्यावर रोज रात्री कुणीतरी हा दुसरा हुकूम देतंय," तुम्ही म्हणालात. "तो कोण, तेवढंच शोधायचंय." इतके दिवस मला वाटत होतं की फोनच बिघडलाय. त्या वाक्यानंतर माझी भीती गेली, कारण शोधायचं काय ते कळलं.

फोनची सेटिंग तुम्ही आधी पाहिलीत. आयफोनच्या मेलमध्ये खात्याच्या अ‍ॅडव्हान्स्ड भागात, डिलीट केलेली मेल कधी काढून टाकायची याचे पर्याय असतात: कधीच नाही, एका दिवसाने, आठवड्याने, महिन्याने. माझ्या फोनवर आठवडा निवडलेला होता. मला वाटलं, सापडलं! तुम्ही तो पर्याय "कधीच नाही" करायला लावलात आणि लगेच म्हणालात, "पण चोर हा नाही. आठवड्याची सेटिंग एका रात्रीत पेटी रिकामी करत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅश पुन्हा रिकामा होता. तुमचं हे बोलणं आधी ऐकलं नसतं, तर मी तिथेच हात टेकले असते.

आणखी दोन शंका तुम्ही पाच मिनिटांत बाजूला केल्यात. काही फोनवर ठरावीक दिवसांचीच मेल उतरवलेली असते, त्यामुळे जुनी मेल दिसत नाही पण सर्व्हरवर शाबूत असते. म्हणून फोनवर विसंबायचं नाही, ब्राउझरमधून खात्यात शिरून थेट सर्व्हरवर पाहायचं. आणि खात्यात कुणी परका शिरला असेल, या शक्यतेसाठी पासवर्ड बदलायचा. तो बदलताना तुम्ही म्हणालात, "आता कुठलं यंत्र नवीन पासवर्ड मागतंय त्यावर लक्ष ठेवा." हे मी नीट ऐकलं असतं, तर आपली एक संध्याकाळ वाचली असती.

मग तुमचा तो तक्ता. कागदावर तीन रकाने: कोणतं यंत्र चालू, किती वाजले, मेल आहे का. सगळी यंत्रं बंद करून, ब्राउझरमधून एक चाचणीची मेल ट्रॅशमध्ये टाकायची आणि दर तासाला पाहायचं. पूर्ण दिवस मेल हलली नाही. म्हणजे सर्व्हर स्वतःहून काही पुसत नव्हता. मग फोन चालू केला. मेल होती. त्या रात्री झोपताना मला वाटलं, आपोआपच बरं झालं असावं.

तिसऱ्या संध्याकाळी भाचीचा फोन आला: "मावशी, लॅपटॉप सारखा तुझा पासवर्ड मागतोय." तो लॅपटॉप मी वर्षाच्या सुरुवातीला तिला अभ्यासासाठी दिला होता. माझं खातं त्यातून काढायचं राहून गेलं होतं. लॅपटॉप सुरू झाला की मेलचा प्रोग्रॅम मागे आपोआप सुरू व्हायचा आणि रात्री अभ्यास संपला की ती सगळ्या खिडक्या बंद करून उठायची. तुम्ही तिला फोनवर घेतलंत, नवीन पासवर्ड घालायला लावलात आणि मला ब्राउझर उघडा ठेवायला सांगितलंत. प्रोग्रॅम सुरू झाला, मेल होती. "आता बंद कर बाळा," तुम्ही म्हणालात. मी पान ताजं केलं. ट्रॅश रिकामा होता.

"बाहेर पडताना ट्रॅश रिकामा करा" ही ती सेटिंग. असा पर्याय संगणकावरच्या बऱ्याच मेल प्रोग्रॅममध्ये असतो, आउटलुकमध्येही आहे. ती खूण मीच केली होती, पुष्कळ वर्षांपूर्वी, खात्यात जागा अगदी कमी मिळायची तेव्हा. भाचीला फार अपराधी वाटत होतं. तुम्ही माझ्याआधी तिला म्हणालात, "तुझा काही दोष नाही, तू फक्त खिडकी बंद करत होतीस." त्या क्षणासाठी मी तुमची वेगळी ऋणी आहे. ती रडायला आली होती, हे तुम्हाला फोनवर कसं कळलं कोण जाणे.

इथे माझ्या लेखी काम संपलं होतं. चोर सापडला, खूण काढली, आणि गेलेलं परत येणार नाही हे मी स्वीकारलं होतं. चौथ्या दिवशी तुम्ही आपणहून फोन केलात आणि विचारलंत, "फोनच्या आधी तुम्ही मेल कशावर वाचायचात?" टॅबलेटवर. चार महिन्यांपूर्वी फोन घेतल्यापासून तो कपाटात पडून होता. "चालू करू नका!" तुम्ही इतक्या जोरात म्हणालात की मी दचकले. "आधी घरातलं वायफाय बंद करा. राउटरची पिनच काढा. मग चार्ज करून उघडा."

त्यामागचं कारण मी इथे मुद्दाम नीट लिहिते आहे, कारण पुष्कळ लोक घाईत नेमकं इथेच घालवतील. टॅबलेटमध्ये चार महिन्यांपूर्वीचा इनबॉक्स जसाच्या तसा साठलेला होता. तेव्हा इनबॉक्समध्ये असलेली आणि नंतर मी फोनवरून डिलीट केलेली मेल त्याच्या स्मरणात अजून होती. नेटशी जोडून मी नवीन पासवर्ड घातला असता, की त्याने सर्व्हरला विचारलं असतं, सर्व्हरने "ही मेल आता नाही" असं सांगितलं असतं, आणि त्यानेही ती पुसली असती.

जोडणी बंद ठेवून तो उघडला. ताईच्या पाच मेल पूर्ण उघडल्या. आणखी दोन यादीत दिसत होत्या, पण आतला मजकूर उतरवलेलाच नव्हता, फक्त विषय आणि पहिल्या दोन ओळी. तुम्ही प्रत्येकीचा मजकूर टिपणवहीच्या अ‍ॅपमध्ये उतरवून घ्यायला सांगितलात आणि वरून दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटोही काढायला लावलेत. "एका प्रतीवर विसंबायचं नाही," एवढंच म्हणालात.

मग तुम्ही विचारलंत, "डावीकडे फोल्डरची यादी आहे ना? ती सगळी वाचून दाखवा." मी वाचत गेले आणि खाली "डिलीटेड मेसेजेस" आलं. तुम्ही क्षणभर काहीच बोलला नाहीत.

कचऱ्याच्या फोल्डरचं नाव काय असावं, हे आयमॅपने मुळात ठरवून दिलेलं नव्हतं. कुणी त्याला "ट्रॅश" म्हणतं, कुणी "डिलीटेड आयटम्स", कुणी "डिलीटेड मेसेजेस". कोणता फोल्डर कशासाठी हे सर्व्हरने खुणेने सांगावं, असा नियम २०११ मध्ये आला, पण सगळे प्रोग्रॅम तो पाळतात असं नाही. माझा फोन आणि लॅपटॉप "ट्रॅश" वापरत होते. टॅबलेट मात्र डिलीट केलेली मेल त्या दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकत होता, आणि त्याला लॅपटॉपने कधी हातही लावला नव्हता. ब्राउझरमधून पाहिलं तर तो फोल्डर सर्व्हरवर होता. फोनमध्येही होता, यादीत अगदी खाली, साध्या फोल्डरच्या चित्राचा. मी तिथपर्यंत कधी बोट सरकवलंच नव्हतं.

त्यात ताईच्या २३ मेल होत्या, भावोजी. टॅबलेटवरून मी डिलीट केलेली एकेक मेल तिथे होती. माझा आवाज फुटेना, आणि तुम्ही फोन न ठेवता शांतपणे थांबलात. मग हळूच म्हणालात, "आता त्या आधी वेगळ्या फोल्डरमध्ये हलवू, रडणं नंतर."

त्याच रात्री "आईचं बोलणं" या नावाचा फोल्डर केला. फोनवर बोट सरकवलं की मेल डिलीट व्हायची, ते बदलून आता संग्रहात जाईल असं केलं आहे. सगळ्या मेलची एक प्रत संगणकावर आहे, एक छापून ताईकडे आहे. भाचीच्या लॅपटॉपमधून माझं खातं काढलं आहे. गेल्या चार महिन्यांत आलेली काही पत्रं मात्र गेली ती गेलीच. त्याचं दुःख आहे आणि ते राहणार.

निवृत्तीआधी तुम्ही किती वर्षं मेल सर्व्हर सांभाळलेत ते माझ्या मैत्रिणीकडून ऐकलं होतं. पण रात्रीबेरात्री लोकांचं हरवलेलं शोधून देणं म्हणजे काय, ते या चार दिवसांत कळलं. तुमच्या आवाजात एकदाही घाई नव्हती. मी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तरी तुम्ही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं उत्तर दिलंत. हे मला शिकायचं आहे. आईशी बोलताना मला त्याची रोज गरज पडते.

मागच्या रविवारी मी आणि ताई तिच्याजवळ बसून एकेक मेल वाचत होतो. फक्त दोन ओळी उरलेल्या त्या दोन पत्रांपाशी मी थांबले आणि तेवढंच वाचलं. पहिल्याचं तिला काही आठवलं नाही. दुसऱ्याची पहिली ओळ होती, "त्या दिवशी शाळेत मी उशिरा पोचले." आई म्हणाली, "उशिरा नाही. गेलेच नव्हते." आणि पुढे सांगू लागली. ताईने फोन काढला आणि टाइप करायला घेतलं. ती मेल मी तुम्हालाही पाठवली आहे, पोचली का ते कळवा.

आपली,
तुमच्या पत्नीची जुनी मैत्रीण