९७ टक्के अचूकतेची हवा काढा

मा. संपादक, स.न.वि.वि.

नाशिकमधील फार्मसी महाविद्यालयांत संगणकाकडून औषधी रेणूंची विषारकता ओळखण्याचे प्रकल्प होऊ लागले आहेत, याचा आनंद आहे. मात्र त्यांच्या अहवालांतली अचूकता बारकाईने तपासायला हवी.

अनेकांच्या हाती असलेल्या टॉक्स-२१ या विषारकता चाचण्यांच्या खुल्या माहितीसंचात सुमारे ८,००० संयुगे आणि १२ चाचण्या आहेत. पीपीएआर-गॅमा (पेशीतील एक ग्राही प्रथिन) चाचणीत तपासलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के संयुगे सक्रिय, म्हणजे विषारकतेचा इशारा देणारी, ठरतात. म्हणजे ‘सगळेच सुरक्षित’ असे सांगणारे मॉडेलही ९७ टक्के अचूक दिसते आणि एकही विषारी रेणू पकडत नाही! म्हणून अचूकतेऐवजी खरी विषारी संयुगे किती सापडली, ते छापा.

संचातले, चाचणी न झालेल्या संयुगांचे रिकामे रकाने शून्याने (म्हणजे ‘निष्क्रिय’ म्हणून) भरणे ही तर घोडचूक. चाचणी झाली नाही म्हणजे रेणू निर्दोष ठरत नाही. ते रकाने गणनेतून वगळावेत.

आधी क्षाराचा भाग (सोडियम, पोटॅशियम वगैरे) काढून रेणू एकाच प्रमाणित रूपात आणावेत. एकाच औषधाचे डायक्लोफेनॅक सोडियम मॉडेलच्या प्रशिक्षणात आणि डायक्लोफेनॅक पोटॅशियम त्याच्या परीक्षेत गेले, तर प्रश्नपत्रिका फुटलीच. त्यानंतर प्रशिक्षण आणि परीक्षेसाठी संयुगांची यादृच्छिक विभागणी टाळून रेणूंच्या सांगाड्यानुसार (मूळ वलयरचनेनुसार) विभागणी करावी, म्हणजे एका सांगाड्याचे सगळे रेणू एकाच बाजूला राहतील. गुण घसरतील, पण नव्या रेणूवर काय होईल याचा अंदाज तेच देतात.

मॉडेलची आणखी एक मर्यादाही लिहावी: पॅरासिटॅमॉलचा अतिरेक यकृताला मारतो तो तिथे तयार होणाऱ्या एनएपीक्यूआय या विषारी उपपदार्थामुळे. मूळ रेणूच पाहणाऱ्या मॉडेलला हे सहसा दिसत नाही. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विभागणी कशी केली, हा प्रश्न आधी विचारावा.

– औषधनिर्माणशास्त्राचे काही अध्यापक, नाशिक