दोन वर्षांनंतर कोण विचारणार?

परदेशी दाम्पत्याने मूल नेले की ‘पोराचं नशीब उघडलं’ म्हणत आपण मोकळे होतो. पूर्वी १८९०च्या पालक व पाल्य कायद्याखाली त्यांना जिल्हा न्यायालयाकडून फक्त पालकत्व मिळे. दत्तकविधान पुढे त्यांच्या देशात. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निर्बंध घातले, तेही एका वकिलाच्या पत्रावरून! आता दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. परदेशातून पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी सहामाहीला अहवाल येतो. पुढे? सांगली-मिरजेतून गेलेले लेकरू पंचविशीत आईचा माग काढत आले, तर निदान त्याचा कागद तरी सापडावा. जिल्हा न्यायालयाने पालकत्वाच्या जुन्या फायली वाळवीच्या तोंडी देऊ नयेत, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, मिरज (जि. सांगली)