प्रवाह-मध्यस्थ विस्फारण

संशोधन समन्वयक ताईंस,
सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव या पत्रात मुद्दामच घालत नाही, कारण ‘काका, मी फक्त माझं काम केलं’ असे तुम्ही म्हणणार हे मला ठाऊक आहे. परंतु हृदय आणि मूत्रपिंडे दोन्ही दुखावलेल्या रुग्णांच्या रक्तवाहिन्यांवरील तुमच्या अभ्यासात मी दीड वर्ष सहभागी आहे, आणि एवढ्या काळात तुमचे काम कुठे संपते व उपकार कुठे सुरू होतात हे थोडेफार कळू लागले आहे.

पहिल्या भेटीत तुम्ही माझ्या हाती अकरा पानांचे संमतिपत्र ठेवलेत. सारी हयात मुद्रितशोधनात गेल्यामुळे छापील कागद दिसला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. तिसऱ्या पानावर ‘प्रवाह-मध्यस्थ विस्फारण चाचणी’ असे शब्द होते. त्यांत शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती आणि अर्थाचा पत्ताही नव्हता. तरी मी सही करून मोकळा झालो असतो. अँजिओप्लास्टीच्या वेळी मी न वाचता किती कागदांवर सह्या केल्या त्याची गणती नाही. तुम्ही मात्र कागद माझ्याकडून काढून घेतलात आणि म्हणालात, ‘कोपराच्या खाली बीपीचा पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग एकदम सोडायचं. रक्त धावत आलं की दंडातली धमनी किती रुंदावते, ते सोनोग्राफीनं मोजायचं.’ एवढे बोलून झाल्यावर तेच मला माझ्या शब्दांत पुन्हा सांगायला लावलेत. मास्तरांपुढे पाढा म्हणावा तसा मी तो म्हटला, आणि दोनदा चुकलो.

ही चाचणी कशासाठी, हे विचारल्यावर तुम्ही दिलेले उत्तर मला आधीच्या कित्येक वर्षांत कुणी दिले नव्हते. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचे रक्तातले टाकाऊ द्रव्य, वाढत असताना हृदयाचे डॉक्टर मूत्रपिंडाकडे बोट दाखवीत आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर हृदयाकडे. या दोहोंच्या मध्ये काय आहे, याविषयी कुणी चकार शब्द काढला नव्हता. मध्ये रक्तवाहिन्या आहेत, हे तुम्ही सांगितलेत. त्यांच्या आत पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते आणि रक्ताचा वेग वाढला की ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडून धमनीला सैल करते. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० साली सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर हेच दाखवले होते, की ॲसिटिलकोलिन हे द्रव्य दिल्यावर अस्तर शाबूत असेल तर धमनी सैलावते आणि ते खरवडले गेले असेल तर सैलावत नाही. तो सैलावणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे पुढे उलगडले आणि १९९८ साली त्या कामाला नोबेल मिळाले. मूत्रपिंडे मंदावली की या वायूची निर्मिती रोखणारी द्रव्ये रक्तात साचतात, शिवाय कॅल्शियम आणि फॉस्फेटचे गणित बिघडून धमन्यांच्या भिंतींत जणू चुना बसू लागतो. ताठर झालेल्या महाधमनीत रक्त ढकलताना हृदय दमते, आणि प्रत्येक ठोक्याचा दणका मूत्रपिंडातल्या नाजूक वाहिन्यांपर्यंत पोचून त्यांचेही नुकसान करतो. माझे दोन आजार मुळात एकमेकांचे शेजारी होते, हे मला असे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळले.

त्या दिवशी मी विचारलेला दुसरा प्रश्न जरा व्यवहारी होता, की यातून मला काय मिळणार. तुम्ही क्षणभरही न घुटमळता ‘तुम्हाला काहीच नाही’ म्हणालात. या अभ्यासात औषध नाही, उपचार नाहीत, फक्त मोजमाप आहे. मध्येच सोडून गेलो तरी माझ्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, हेही तुम्ही तिथेच सांगितलेत. मग उपयोग कुणाला, असे विचारल्यावर तुम्ही फ्रान्समधल्या डायलिसिसच्या २४१ रुग्णांची हकीकत सांगितलीत. त्यांच्या महाधमनीतून नाडीची लहर किती वेगाने धावते हे तिथल्या डॉक्टरांनी मोजले, सरासरी ७२ महिने त्यांच्यावर लक्ष ठेवले, आणि ज्यांची धमनी जास्त ताठर होती त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण जास्त असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध केले. आज माझ्या अहवालात तो वेग सेकंदाला १० मीटरच्या वर गेला की डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते, ती या आणि अशाच इतर अभ्यासांमुळे. त्या २४१ जणांपैकी कुणालाही माझे नाव माहीत असण्याचे कारण नाही. मी सही केली ती हे ऐकल्यावर.

एका गोष्टीबद्दल मात्र वेगळे आभार मानले पाहिजेत, कारण तिचा अभ्यासाशी काही संबंध नव्हता. रक्त घ्यायला आलेल्या मुलाने सवयीने माझा डावा हात ओढला, कोपराच्या खोबणीत शीर चाचपली, आणि तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ‘तो हात नको’ असे जवळजवळ ओरडलात. पुढेमागे डायलिसिसची वेळ आली तर फिस्टुला, म्हणजे धमनी आणि शीर यांची शस्त्रक्रियेने केलेली जोडणी, बहुधा त्याच हातावर करतील, म्हणून त्या शिरा आतापासून जपायच्या आणि रक्त उजव्या पंजाच्या मागून काढायचे, हे तुम्ही मला समजावलेत, त्या मुलालाही समजावलेत, आणि माझ्या फाइलीवर लाल शाईने लिहून ठेवलेत. त्याआधी वर्षानुवर्षे माझ्या डाव्या हाताला सुया टोचल्या जात होत्या. आता कुठल्याही प्रयोगशाळेत गेलो की मी डावा हात खिशात घालूनच खुर्चीवर बसतो.

आणि तो शब्द! ‘प्रवाह-मध्यस्थ विस्फारण’ खोडून तुमचेच वाक्य तिथे घाला, असे मी सुचवले, तेव्हा एथिक्स कमिटीच्या मान्यतेवाचून स्वल्पविरामही हलवता येत नाही असे तुम्ही म्हणालात. मला वाटले, विषय संपला. सात महिन्यांनी तुम्ही नवे संमतिपत्र पुढे ठेवलेत. तळाशी ‘आवृत्ती ३’ आणि तारीख होती, तिसऱ्या पानावर पट्टा, पाच मिनिटे आणि दंडातली धमनी, सगळे जागच्या जागी होते. मसुदा बदलल्यामुळे सर्व सहभागींच्या सह्या पुन्हा घ्याव्या लागल्या, म्हणजे माझ्या एका खुसपटापायी तुमच्यामागे केवढा खटाटोप लागला असेल याची मला कल्पना आहे. त्याबद्दल आभार मानावेत की क्षमा मागावी, हे अजून ठरत नाही. तूर्त दोन्ही स्वीकारावे.

पुढच्या तपासणीला नेहमीप्रमाणे उपाशीपोटी, चहाही न घेता येतो. नव्या मसुद्यात सातव्या पानावर ‘मुत्रपिंड’ असे पडले आहे, तेथे मू दीर्घ हवा. घाई नाही, आवृत्ती ४ निघेल तेव्हा पाहावे.

आपला,
आवृत्ती ३ वर सही केलेला एक सहभागी