सूचना: कांसांच्या देखभालीसाठी निवेदन, रविवारी सह्या

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी 10 ते 12 मंडळाच्या खालच्या हॉलमध्ये निवेदनावर सह्या घेणार आहोत. बडोदा महापालिकेचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे जाण्याआधी निवेदन पोहोचायला हवं, त्यामुळे 'पुढच्या रविवारी बघू' नको.

मागणी एकच: भूखी, रूपारेल आणि मसिया या कांसांसाठी वर्षभराची वेगळी तरतूद. कांस म्हणजे शहरातलं पावसाचं पाणी वाहून नेणारे कालवेच. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा जेसीबी फिरवून भागत नाही. गेल्या मे महिन्यात आमच्या घरामागे गाळ उपसला आणि काठावरच ढीग लावून ठेवला. पहिल्या जोरदार सरीत निम्मा परत आत! त्या ढिगात एक अख्खी गादी होती, थर्माकोलची मखरंही होती. (मखरं कोणाची, हे आपण आपापसात ओळखूच.)

ऑगस्ट 2024 चा पूर सगळ्यांना आठवतो. विश्वामित्री नदी फुगली की कांसांचं पाणी पुढे सरकत नाही, उलटं गल्लीत शिरतं. साफ कांसही तेव्हा पूर थांबवणार नाही, हे मान्य. पण एरवीच्या तासाभराच्या पावसात घोटाभर पाणी साचतं, ते नक्की टळेल.

सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव संस्थानाच्या तिजोरीतून बांधून घेतला. पाण्याच्या सोयीवर सरकारी पैसा घालायची बडोद्याची ही जुनीच रीत आहे.

येताना घरपट्टीच्या पावतीची झेरॉक्स आणा. कांसेचे फोटो असतील तर तारखेसकट छापून आणा. ज्येष्ठांनी जिने उतरायची गरज नाही, कागद घरी पाठवू.

– चिटणीस